शिवणीतली माया

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या ब्रँडची साडेतीन हजारांची पँट घेतली होती. यंदा कंबरेत आवळायला लागली. आज दुकानात नेली, म्हटलं, इंचभर सोडून द्या. काउंटरवरच्या पोराने पँट उलटून पाहिलीसुद्धा नाही. "सर, पुढचा साइज घ्या ना, ऑफर चालू आहे."

घरी येऊन मीच उलटी केली. मागच्या शिवणीत ओव्हरलॉक मारलेलं जेमतेम अर्धा सेंटिमीटर कापड. कंबरेचा पट्टा सलग, मध्ये जोडच नाही. सोडणार कुठून? पँट नवीकोरी दिसतेय आणि टाकून द्यायची!

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. या शब्दाची किंमत मला १९८३ साली कळली, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात ते एक. दीड वर्षात आमच्या घराचं काय झालं ते गिरणगावातल्या कुणालाच सांगायला नको. शेवटी फोर्टात एका ऑफिसात नोकरी लागली आणि तिच्यासाठी एक राखाडी टेरीकॉटची पँट शिवायची ठरली. लालबागला आमच्या चाळीच्या जिन्याखाली टेलरकाका बसायचे. त्यांनी टेप फिरवली, वहीत आकडा लिहिला, आधीचं माप काढून पाहिलं. बाबांची कंबर चार इंचांनी उतरली होती. काका एवढंच म्हणाले, "मागे भरपूर माया ठेवतो. अंग भरेल परत." बाबा काही बोलले नाहीत. पावतीला टाचलेला कापडाचा तुकडा तेवढा खिशात ठेवला.

आणि आज मला सांगतात, पुढचा साइज घ्या.

राग नुसत्या साइजचा नाहीये. एम, एल, एक्सएल करून ठेवलंय पुरुषाचं. खांदा एकाचा उतरता, पोट दुसऱ्याचं पुढे, तिसऱ्याचा एक हात लांब, सगळे त्याच एलमध्ये कोंबायचे. मधली दहा वर्षं स्लिम फिटने पोरांच्या मांड्या आवळल्या, बसताना सीट उसवायची. आता म्हणे बॅगी आलंय, पुढे प्लेट्स, खाली पायाची मोहरी ऐसपैस. फॅशन बदलू दे, तिचं काम आहे ते. पण माणसाचं शरीरही बदलतं, ते कुणीच धरत नाही? लग्न होतं, आजारपण येतं, नोकरी जाते.

मान्य आहे, टेलर लोक दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत रखडवायचे. आणि विरारहून लटकत येणाऱ्या पोराला पाचशेत बरा शर्ट मिळतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. मला साडेतीन हजार घेऊन अर्धा सेंटिमीटर देणाऱ्यांचा राग आहे. लोअर परळला गिरण्यांच्या जागेवर मॉल झाले, त्याचं दुःख आता जुनं झालं. पण त्या काचेआड टांगलेली एक तरी पँट उलटून बघा.

ती राखाडी पँट अजून माझ्याकडे आहे. मघाशी ट्रंकेतून काढली. आतून मागच्या शिवणीशेजारी सुईच्या भोकांच्या दोन ओळी दिसतात. एक १९८५ ची, बाबांना बऱ्यापैकी पगार सुरू झाला तेव्हाची. दुसरी माझ्या दहावीच्या वर्षाची. दोन्ही वेळा काकांनीच उसवून सोडली, चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. आणि अजून अर्धा इंच शिल्लक आहे. बाबांना तेवढी लागली नाही, नंतर ते परत बारीकच होत गेले.

पुतण्या बघत होता. म्हणाला, "काका, मोहरी भारी आहे, मी घालू?" घाल म्हटलं. कंबरेत त्याला सैल होते, पण आत घेता येईल.

उद्या हिंदमाताला जाऊन एक मीटर वीसचा पँटपीस घेणार आहे. परळ, काळाचौकी, शिवडी भागात अजून हाताने माप घेऊन शिवणारे कुणी टेलर माहीत असतील तर पत्ता कळवा. वेळ लागला तरी चालेल. मागे दोन इंच माया सोडणारे हवेत.