टेक्सटाईल की कॉम्प्युटर? नाक्यावरची खडाजंगी

विषय निघाला मनालीच्या धाकट्या भावावरून. इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचा, म्हणजे कॅप राउंडचा, पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि घरात दोन तट पडलेत. पहिल्या नंबरवर काय टाकायचं, माटुंग्याच्या नावाजलेल्या व्हीजेटीआय कॉलेजचं टेक्सटाईल की नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजचं कॉम्प्युटर? पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला तर तोच घ्यावा लागतो, त्यामुळे टेन्शन.

"लालबागमध्ये राहून टेक्सटाईल?" पक्या खिदळला. "आजोबांच्या गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला, आणि नातू निघाला सूत कातायला!"

बाळ्या एचआरमध्ये आहे. तो म्हणाला, "हसू नकोस. फ्रेशरच्या एका जागेला ढिगाने सीव्ही येतात. सगळे कोण वाचतंय? आधी कॉलेजचा फिल्टर लावतो, उरतील तेवढेच उघडतो."

"मला दुसऱ्या नोकरीपासून कुणी कॉलेज विचारलेलं नाही."

"आणि पहिली कशी लागली?" मनालीने विचारलं.

पक्याने कटिंगचा घोट घेतला. "मामाने रेफरल दिला होता."

यावर जो हशा पिकला, त्यात पानवालाही सामील झाला.

पक्याची बाजू अगदीच पडू नये म्हणून मी डेल आणि क्रुगर या अमेरिकन अर्थतज्ज्ञांचा २००२ सालचा अभ्यास सांगितला. सारख्या कुवतीची, सारख्याच कॉलेजांना अर्ज केलेली मुलं पुढे नामांकित कॉलेजात गेली काय किंवा साध्या, कमाईत फारसा फरक नव्हता. पक्याने लगेच टाळीसाठी हात पुढे केला. "थांब," म्हटलं, "गरीब घरातल्या मुलांना मात्र फरक पडला होता." २०२३ मध्ये राज चेट्टी या अर्थतज्ज्ञाने आणि मंडळींनी तिथल्या हार्वर्ड-येलच्या पंगतीतल्या कॉलेजांचा हिशेब मांडला, तोही असाच निघाला: सरासरी कमाई फार हलत नाही, पण सगळ्यात वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता जवळपास दीडपट होते.

"अमेरिका राहू दे," बाळ्या म्हणाला. "अनिल काकोडकर बघ. रुपारेल, मग व्हीजेटीआय, १९६३ चे इंजिनिअर. थेट अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले!"

"आणि त्यांच्या वर्गातले बाकीचे?" पक्या. मुद्दा बिनतोड होता, बाळ्याला उत्तर सुचेना.

माझं मत विचाराल तर व्हीजेटीआय वर टाकावं. पक्याला मामा होता. मनालीच्या घरात वडील बेस्टमध्ये, आई शिवणकाम करते. रेफरल देणारं कोण आहे? कोडिंग काय, टेक्सटाईल करतानाही शिकता येतं.

"पण त्याला टेक्सटाईलमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही," मनाली म्हणाली. "चार वर्षं कशी काढणार?"

हे आमच्यापैकी कुणी विचारातच घेतलं नव्हतं.

"दोन्हीकडची फी किती?" पक्या पहिल्यांदाच कामाचं बोलला. मनालीने मोबाईल काढला. खासगीचा आकडा वाचून बाळ्याने शिट्टी मारली आणि वाद कॉलेजवरून एज्युकेशन लोनवर गेला.