वळवात पॉलिहाऊसचे पडदे गुंडाळू नका

‘वारा सुटला की पॉलिहाऊसचे चारही पडदे वर गुंडाळा, वारा आरपार जाईल, छत वाचेल.’ सातारा-सांगलीच्या शेतकरी ग्रुपवर फिरणारा हा मेसेज कोरेगावच्या आमच्या चुलतभावानेही खरा धरला, म्हणून लिहितोय. हा सल्ला घातक आहे.

पॉलिहाऊस म्हणजे पाईपच्या कमानींवर प्लास्टिकचा कागद ताणलेले लागवडीचे घर. त्याच्या कमानीच्या छताचा बहुतेक भाग वाऱ्याने दाबला जात नाही, वर ओढला जातो. पडदे उघडे असले की आत शिरलेला वारा त्याच छताला खालून रेटतो. वरून ओढ, खालून रेटा, दोन्ही एकाच दिशेने! आणि आरपार जायला आत काय माळरान आहे? बाजूला धुळीने तुंबलेली बारीक छिद्रांची, 40 मेशची जाळी, मध्ये पुरुषभर उंचीची ढोबळी मिरची. वाऱ्याचा भार काढायचे भारतीय मानक आयएस 875 भाग 3 (2015) बघा. भिंतीतली उघडी जागा 5 टक्क्यांच्या आत असेल तर आतल्या दाबाचा गुणांक 0.2 धरतात, 20 टक्क्यांपर्यंत 0.5 आणि त्याच्यापुढे 0.7. म्हणजे साडेतीनपट. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

तेव्हा आभाळ भरून आले की पडदे पूर्ण खाली सोडा. पडद्याचा खालचा पाईप स्कर्टच्या (जमिनीलगतच्या कायम पट्ट्याच्या) वरच्या कडेखाली किमान फूटभर आला पाहिजे. पडदा गुंडाळायचे हँडल लॉक करा, पाईप खांबांना बांधा, पडद्यावरून नागमोडी नायलॉन दोरी ताणा, दार लावा. वळीव दिशा पाळत नाही, त्यामुळे आडोशाची बाजूही उघडी ठेवू नका. प्रोफाइलमधली (कागद पकडणाऱ्या धातूच्या खाचपट्टीतली) झिगझॅग स्प्रिंग सुटलेली असेल तर आधी ती बसवा; कागद फाटायला सुरुवात तिथूनच होते.

एवढे मान्य की कागद सुटून कमानी वाकायला लागल्या तर सांगाडा वाचवायला कागद कापावा लागतो. पण तो शेवटचा उपाय, तोही जमिनीवरून. वादळात छताच्या गटरवर (पन्हाळीवर) चढायचे नाही.

‘यूव्हीच्या 200 मायक्रॉन कागदाला ऊन लागत नाही’ हेही त्या मेसेजमध्ये आहे. लागते. कागदातले यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) रोखणारे द्रव्य हळूहळू खर्च होते, आणि गंधक किंवा क्लोरीन असलेल्या औषधांनी ते लवकर संपते. भुरी रोगासाठी गंधकाची धुरी ‘निर्धास्त’ द्या म्हणणाऱ्याने कागदाचे हमीपत्र वाचलेले नाही. तापलेल्या पाईपला टेकलेला पट्टा आधी जातो, म्हणून पाईपच्या त्या भागावर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्या, ऑइलपेंट नको. कायम गुंडाळलेल्या पडद्याचा बाहेरचा वेढाच सगळे ऊन खातो. रोज तो थोडा खाली-वर करा, म्हणजे उन्हाची जागा बदलते.

फाटल्यावर पॅकिंगची खाकी टेप? ती उन्हात वाळून सुटते. जागा पुसून कोरडी करा आणि पॉलिहाऊसची यूव्ही टेप आतून-बाहेरून लावा.