सर, सगळंच समजत नाहीये

बी.एस्सी.ला फिजिक्स आणि मॅथ्स घेतलंस, अभिनंदन. एव्हाना पहिल्या युनिट टेस्टचे पेपर हातात पडले असतील आणि बारावीत गळ्यात गळे घालून फिरणारं मॅथ्स आता रस्त्यात ओळखही दाखवत नाही, हे लक्षात आलं असेल. म्हणजे आता कुणाची तरी मदत मागणं आलं. घाबरू नकोस. मदत मागायची, पण चुकूनही मिळणार नाही अशा बेतानं मागायची, यात मी तीन वर्षं घालवली आहेत. तो अनुभव तुला फुकट देतो.

मुख्य पथ्य एकच: नेमकं कुठे अडलंय ते कुणाला कळू द्यायचं नाही. स्टाफरूमच्या दारात उभं राहायचं, वही छातीशी घट्ट धरायची आणि म्हणायचं, "सर, ऑसिलेशन्स सगळंच समजत नाहीये."

"सगळंच?"

"हो सर."

"मग पहिल्यापासून नीट वाच."

झालं. सरांचा डबा गार झाला नाही, तुझी मान खाली गेली नाही, आणि घरी सांगायला "सरांना विचारलं होतं" हे वाक्य मिळालं. याउलट तू जर बोलून गेलास की, "सर, डँप्ड ऑसिलेटरमध्ये, म्हणजे हळूहळू मंदावत जाणाऱ्या आंदोलनात, ई-चा घात धरून उत्तर काढलं, वर्गमूळाखाली ऋण संख्या आली, म्हणून आय, म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, आला. पुढच्याच ओळीत आय गायब आणि कोसाइन हजर. मधे काय झालं?" तर संपलास. सर पोळीचा तुकडा तसाच ठेवतील आणि पाठकोऱ्या कागदावर वर्तुळ काढतील. वर्तुळावर फिरणारा बिंदू, त्याची आडव्या अक्षावर पडणारी सावली म्हणजे कोसाइन. एक बिंदू उजवीकडून फिरतो, एक डावीकडून, दोघांची बेरीज केली की आय आपोआप कटतो. पाऊण तास जाईल. आणि एवढ्यावर भागत नाही. पुढच्या सेमिस्टरला इलेक्ट्रॉनिक्समध्ये एलसीआर सर्किट (कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टन्स जोडलेलं) येईल, तेव्हा वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स आणि घर्षणाच्या जागी रेझिस्टन्स घातलेलं हे तेच समीकरण आहे हे तुला दिसेल. मग तेही पाठ करता येणार नाही. एकदा समजलेलं परत न समजल्यासारखं करता येत नाही, हा या विषयातला मोठा धोका आहे.

(जाता जाता: फिजिक्सवाले ज्या सेमिस्टरला डिफरन्शियल इक्वेशन 'तुम्हाला माहीतच आहे' म्हणून वापरतात, मॅथ्सवाले ते त्यानंतर एक-दोन सेमिस्टरांनी शिकवतात. आमच्याकडे तरी असंच होतं. दोन डिपार्टमेंटांमध्ये फक्त एक पॅसेज होता. तो ओलांडून कुणी कुणाशी बोलल्याचं ऐकिवात नाही, म्हणून आम्ही पॅसेजातच उभे असायचो.)

मॅथ्सची गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न विचारायचाच नसतो, कारण फळ्यावर सगळं लिहिलेलंच असतं. एक्स दोनकडे जाताना एक्सवर्ग चारकडे जातो, हे एप्सिलॉन-डेल्टानं सिद्ध करा, म्हणजे एक्सवर्ग चारपासून एप्सिलॉनच्या आत राहावा यासाठी एक्स दोनपासून किती अंतरात (डेल्टा) ठेवायचा ते सांगा. बाई लिहितात: डेल्टा बरोबर १ आणि एप्सिलॉन भागिले ५, यांपैकी जे लहान ते. तुझ्या डोक्यात येईल, हा पाच कुठून आला? गिळून टाक. विचारलंस तर कळेल की एक्स दोनपासून एकापेक्षा कमी अंतरावर ठेवला, तर एक्स अधिक दोन हे पाचाच्या आत राहतं, म्हणून पाच. अंतर अर्धा धरलं असतं तर साडेचार आले असते आणि तेही चाललं असतं. गणितात एखादी गोष्ट आपल्या मर्जीनं निवडता येते हे या वयात कळणं बरं नव्हे. त्यापेक्षा पाच पाठ कर. परीक्षेत दोनाऐवजी तीन आला तरी पाचच लिही. तिथे सात लागतात, पाचानं सिद्धता मोडते, पण पाठांतरात सातत्य हवं.

प्रॅक्टिकलचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे माझा हातखंडा होता.

बार पेंड्युलम. मीटरभर लांबीची भोकं पाडलेली लोखंडी पट्टी, सुरीच्या धारेवर टांगायची, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा. टोकाजवळच्या भोकापासून सुरुवात केलीस की साधारण ३२ सेकंद येतात. मधे सरकत गेलं की वेळ कमी होतो, साडेतीसपर्यंत उतरतो. इथवर ठीक. पण आणखी मधे गेलास की तो पुन्हा वाढू लागतो आणि मध्यापासून पाच सेंटिमीटरवर एकदम पन्नाशी ओलांडतो. इथे कमकुवत मनाचा विद्यार्थी घड्याळ हलवून बघतो, मग पार्टनरकडे बघतो, मग विचारतो, "असं का?" अगदी मधोमध टांगलं तर पट्टी झुलेल की नाही, झुलेल तर किती वेळात, असले विचार त्याच्या मनात येतात. तू मागच्या बॅचचं जर्नल उघड. त्यात सगळी रीडिंग्ज आहेत, अगदी खाडाखोडीसकट. खाडाखोडही उतरवायची, त्यानं अस्सलपणा येतो.

आणि शेवटचं उत्तर आधी लिहायचं: जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, तेच या प्रयोगात काढायचं असतं) बरोबर ९८१ सेंटिमीटर प्रति सेकंदवर्ग. मग वर वर जात रीडिंग्ज त्याला शोभतील अशी बसवायची. आमच्या पुण्यातल्या कॉलेजात अख्ख्या बॅचचा जी ९८१ येत असे. पुण्याचा खरा जी आहे ९७८च्या आसपास. विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर तो तेवढाच असायचा. ९८१ पॅरिसला असतो. म्हणजे पुण्यातल्या लॅबमध्ये, पंखा बंद करून, घामाघूम होत आम्ही दर वर्षी पॅरिसचं गुरुत्वाकर्षण मोजत होतो, आणि त्यावर दर वर्षी लाल शाईनं सही होत होती.

व्हिडिओ लेक्चर्सबद्दल फार सांगत नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची अख्खी लेक्चर्स फुकट आहेत. आडवं पडून, दीडपट वेगानं बघ. पेन हातात घेऊ नकोस. पेन घेतलं की व्हिडिओ थांबवावासा वाटतो. हल्ली एआयही गणित सोडवून देतो. त्यातली प्रत्येक ओळ वाचून "हां, बरोबर" असं म्हणायचं, पान झाकून पुन्हा सोडवायला मात्र बसायचं नाही.

आमच्या बॅचला एक मुलगी होती, तिनं हे काहीच पाळलं नाही. स्वतः रीडिंग्ज घेतली आणि तिचा जी आला ९७४. वार्षिक प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले. आमची जर्नल्स त्यांनी पत्ते पिसल्यासारखी पाहिली. "किती आला?" "९८१, सर." "छान, जा." तिच्या पानावर थांबले. "९७४ का?" ती सांगू लागली: सुरीची धार थोडी घासली गेली होती, स्टॉपवॉच दाबायला उशीर होतो, म्हणून मधल्या भोकांची रीडिंग्ज तीन-तीनदा घेतली. मग मधे वेळ का वाढतो यावर दोघांचं सुरू झालं. सरांनी खिशातलं पेन काढून टेबलावरच आकृती काढली.

आम्ही खाली कँटीनला गेलो. ती आली तेव्हा वडे संपले होते. तिला दोन मार्क आमच्यापेक्षा कमी पडले, हे नंतर कळलं. त्या दिवशी मात्र ती उरलेल्या पावाला चटणी लावत काहीतरी सांगत होती, अगदी मधोमध टांगलं तर पट्टी झुलतच नाही, कशी वळवून सोडली तरी तिथेच राहते, आणि आमच्यातलं कुणी ऐकत नव्हतं.