राज्य कार्यकारिणी, एबी फॉर्म आणि सतरंजी : 'एक कार्यकर्ता' यांना उत्तर

भाऊ, नाव न लिहिता खाली नुसतं 'एक कार्यकर्ता' लिहिलंत, म्हणून भाऊच म्हणतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की छोट्या पक्षांच्या राज्य कार्यकारिण्या लेटरपॅडपुरत्या असतात, त्या बरखास्त कराव्यात. तुम्ही चिडलात. तुमचं म्हणणं असं : राज्य कमिटीच नसेल तर चिन्ह आणि एबी फॉर्म, म्हणजे 'हा आमचा अधिकृत उमेदवार' असं पक्षाने लिहून देण्याचे कागद, कोण देणार? 36 जिल्ह्यांत अध्यक्ष दाखवले नाहीत तर निवडणूक आयोग मान्यता देईल का? आणि घरी बसून लिहिणाऱ्याला सतरंजी उचलणाऱ्याचं दुःख काय कळणार?

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. 'बरखास्त' हा शब्द माझ्याकडून रागात पडला. नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षाला विधानसभेला सगळीकडे एकच चिन्ह हवं असेल तर राज्यातल्या किमान 5 टक्के जागा लढवाव्या लागतात. 288 मध्ये त्या 15 होतात. चिन्हाचा अर्ज, हिशेबाचं ऑडिट, 20 हजारांवरच्या देणग्यांचा अहवाल, ही कामं तालुका कमिटीच्या हातची नाहीत. वर कोणीतरी लागतंच. फक्त एवढं लक्षात घ्या, की ते 15 उमेदवार राज्यभर विखुरलेले असले पाहिजेत अशी अट नाही. एकट्या विदर्भात 62 जागा आहेत.

दुसरा मुद्दा मात्र साफ चुकीचा. नोंदणीला पक्षाची घटना लागते आणि मतदार यादीत नाव असलेले किमान 100 सभासद लागतात. राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळते ती मतांवर आणि जागांवर : 6 टक्के मतं आणि 2 आमदार, किंवा नुसती 8 टक्के मतं, असे ते निकष. जिल्हाध्यक्ष किती, हे आयोग विचारत नाही. ते विचारतो युतीच्या बैठकीतला मोठा पक्ष. त्याच्यापुढे यादी टाकायची असते, म्हणून लग्नाच्या मांडवात भेटलेला माणूस संध्याकाळी जिल्हाध्यक्ष होतो. नियुक्तीपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. मग उपाध्यक्ष, सरचिटणीस, संघटक, संपर्कप्रमुख. आमच्या जिल्हा परिषद सर्कलमध्ये एकदा पदाधिकारी अकरा होते आणि साधा सभासद औषधालाही नव्हता. 2019 पासून एकही निवडणूक न लढवलेले आणि दिलेल्या पत्त्यावर कार्यालयच न सापडलेले 334 पक्ष आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये यादीतून काढले. लेटरपॅड त्यांच्याकडेही असेलच की.

आता सतरंजीचं. भाऊ, तीन वर्षं मी एका छोट्या पक्षाचा तालुका सचिव होतो, यवतमाळ जिल्ह्यात. पक्षाचं नाव सांगत नाही, आता त्यात अर्थ नाही. आमचे तालुकाध्यक्ष कोरडवाहू शेतकरी, पाच एकर कपाशी-तूर. त्यांनी दहा-दहा रुपयांच्या पावत्या फाडून गावोगाव सभासद केले. नाव, गाव, यादी क्रमांक, सगळं दोनशे पानी रजिस्टरात. वरून कोणी सांगितलं नव्हतं. उलट विभागाच्या बैठकीत ते रजिस्टर पुढे केलं तर निरीक्षक म्हणाले, "हे राहू द्या, मेळाव्याला गाड्या किती आणता ते सांगा."

2014 ची विधानसभा आठवा. 25 सप्टेंबरला घट बसले आणि त्याच दिवशी दोन्हीकडची मोडतोड झाली, भाजप-शिवसेनेची युतीही तुटली अन् काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही. अर्जाची शेवटची तारीख 27. चारही मोठे पक्ष वेगळे झाले म्हणजे उमेदवाऱ्या वाढल्या, आणि तरीही ज्याला मिळाली नाही असा प्रत्येक नाराज माणूस आमच्यासारख्यांच्या दारात आला. आमच्या अध्यक्षांचा अर्ज आधीच भरून झाला होता. मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचं नाव सुचवणारे मतदार, दहा लागतात, ते दहाही रजिस्टरातलेच होते. अनामत 10 हजार वर्गणीतून. राहिला होता फक्त एबी फॉर्म. तो शाईच्या सहीचाच लागतो, फॅक्स चालत नाही, शिक्का चालत नाही, आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर हवा.

शनिवार होता. तहसीलच्या आवारात लिंबाखाली आम्ही बारापासून उभे. "फारम आला काय?" एवढंच जो तो विचारत होता. नागपूरहून गाडी निघाल्याचा फोन दोनदा आला. अडीचच्या सुमारास गाडी आली, फाईलही उतरली, पण त्यातल्या बी फॉर्मवर, म्हणजे उमेदवाराचं नाव असतं त्या कागदावर, नाव दुसऱ्याचं होतं. आदल्या रात्रीपर्यंत तो गृहस्थ एका मोठ्या पक्षाचं तिकीट मागत होता. आमच्या राज्य अध्यक्षांनी त्याला कधी पाहिलं होतं की नाही, देव जाणे. आमचे अध्यक्ष अपक्ष उरले. दहा सूचक होते म्हणून अर्ज तरी वाचला. ते मला इतकंच म्हणाले, "मले नाई देल्लं त चालते, पण इचारलं त पायजे होतं."

सही राज्य अध्यक्षानेच करावी, त्याला माझी हरकत नाही. कायद्याने तशी सोयच आहे. पण सहीच्या वरचं नाव कुठून येतं, यावर पक्षाचं सगळं संघटन ठरतं. तुम्ही बच्चूभाऊ कडूंच्या प्रहार पक्षाचं उदाहरण दिलंत. 2019 ला त्यांचे दोन आमदार आले ते अचलपूर आणि मेळघाटातून, म्हणजे एकाच अमरावती जिल्ह्यातून. 2004 मध्ये शरद जोशींच्या स्वतंत्र भारत पक्षाची एक जागा आली ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात. अकोल्यात प्रकाश आंबेडकरांच्या भारिपने जिल्हा परिषद हाती घेतली ती गावातल्या लहान-लहान जातींची मोट बांधून. तिन्ही ठिकाणी आधी तालुका उभा राहिला. प्रदेश उपाध्यक्षांची रांग दाखवून जागा आली, असं एक उदाहरण तुम्हीच सांगा.

माझी मागणी लहान आहे. ज्या तालुक्यात पावती फाडलेले सभासद आहेत, तिथलं बी फॉर्मवरचं नाव त्या सभासदांच्या बैठकीत ठरावं, आणि जिथे सभासद नाहीत तिथे नियुक्तीपत्र देऊ नये. यातही खोट निघेल. पैसेवाला उद्या पाचशे पावत्या स्वतःच फाडून आणेल. तरी त्याला निदान पाचशे माणसांची नावं शोधावी लागतील, नागपूरच्या एका खोलीत काम भागणार नाही.

मूळ लेखातलं 'बरखास्त करा' हे वाक्य आज काढलं, तिथे तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. लेटरपॅडचा परिच्छेद तसाच ठेवतोय. तुमच्या तालुक्यात सभासदांचं रजिस्टर असेल तर कळवा, मी येऊन बघतो. आमचं माझ्याकडेच आहे, ज्वारीच्या कोठीवर, शेवटची चाळीसेक पानं कोरी.