चाकांवरचा कडप्पा

बेळगावच्या उद्यमबागेतील माझ्या एका मित्राने सामान वाहण्याच्या जुन्या ट्रेलरवर पत्र्याची खोली चढवून त्याचा दोन माणसे झोपतील एवढा कॅम्पर तयार केला आणि तो ठेवायला आपल्याकडे जागा नाही हे लक्षात आल्यावर मोठ्या मनाने मला विकला. पुढे गादी, आणि मागचे झाकण वर उचलले की त्याच्या सावलीत उभे राहून स्वयंपाक करायचा, अशी त्याची रचना होती. झोपण्याची सोय मित्राने केली होती. स्वयंपाकाचे मात्र ‘तू काय ते बघ’ एवढ्यावर सोडले होते.

मी पाहिले. फिरत्या स्वयंपाकघराच्या तयार सामानाच्या किमतीही पाहिल्या आणि सगळे काम घरीच, 2000 रुपयांच्या आत करायचे ठरवले. घराच्या दुरुस्तीतून उरलेला 4 फूट लांब, दीड फूट रुंद आणि पाऊण इंच जाडीचा कडप्पा परसात कित्येक वर्षे भिंतीला टेकून उभा होता. ओट्याला कडप्पाच हवा, हे आमच्या शहापुरातील प्रत्येक घराने सिद्ध केलेले असताना तो चाकांवर का चालणार नाही, याचे कारण मला तरी दिसेना. तो उचलायला आलेल्या दोघांपैकी एकाने ‘भाळ वज्ज ऐत्री’ असे कानडीत बजावले होते. पण वजनदार आहे म्हणजे टिकाऊ आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

कडप्प्याखाली कपाट केले, त्याला चुंबकाचे कॅच लावले आणि आत 5 किलोचा गॅस सिलिंडर उभा केला. गॅस गळलाच तर बाहेर जावा म्हणून कपाटाच्या वरच्या बाजूला, आपण एक्झॉस्ट फॅन लावतो त्या उंचीवर, सुबक जाळीही बसवली. शेजारी पाण्याचा 20 लिटरचा कॅन, त्याच्या बाजूला तांदूळ, डाळी आणि लोणच्याची काचेची बरणी. सगळे मांडून झाल्यावर जीपला अडकवायचा दांडा मी सहज उचलून पाहिला, तर तो दोन बोटांवर वर आला. एवढा संसार भरूनही ट्रेलर इतका हलका राहिला, याचा मला झालेला आनंद मी शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्याही बोटांना दिला.

पहिली सफर आंबोलीची ठरली. वेंगुर्ला रस्त्याला लागून जीपने थोडा वेग घेताच मागचा ट्रेलर आनंदी कुत्र्यासारखा शेपूट हलवू लागला, आणि काही क्षणांतच ती शेपूट कुत्र्याला हलवू लागली. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढल्यावर तो कसाबसा शांत झाला. बाचीच्या पुढे एका गतिरोधकावर चुंबकांनी आपला धर्म सोडला. डब्याचे झाकण कर्नाटकात उघडले आणि इंद्रायणी तांदूळ शिनोळीपर्यंत, म्हणजे महाराष्ट्रात, सांडत गेला. सीमाप्रश्नाचा इतका सविस्तर नकाशा आजवर कोणी काढला नसेल. लोणच्याची बरणी कोणत्या राज्यात फुटली याचा निर्णय मात्र होऊ शकला नाही.

परत आल्यावर मित्राने ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि कपाळावर हात मारला. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार पुढच्या दांड्यावर यावा लागतो. मी मात्र 28 किलोचा कडप्पा, 20 किलो पाणी आणि सगळे धान्य आसाच्या मागे रचल्यामुळे दांडा वर उचलला जात होता, आणि ज्याचा मी शेजारीपाजारी डंका पिटला तो हलकेपणा म्हणजेच रोग होता. मग त्याने जाळी पाहिली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळल्यावर खाली तळाशी साचतो, तेव्हा भोक तळाला हवे, हे त्याने मला, लहान मुलाला सांगावे तसे, दोनदा सांगितले.

याच वेळी आमची आत्या मुक्कामाला आली. लहानपणी माघी पौर्णिमेला बैलगाडीतून सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला जाताना वाटेवरच्या मुक्कामी आईबरोबर स्वयंपाक केलेली ही बाई. मी मोजपट्टी घेऊन बसलेला पाहून तिने विचारले, ‘‘हे काय करुलालास रे?’’ मी भाराचे शास्त्र समजावून सांगितले. ‘‘मग जड ते मध्ये, हलके ते कडेला. गाडी भरताना बैलालाबी कळतंय ते,’’ असे म्हणून तिने पदर खोचला.

कडप्पा उतरला आणि त्या जागी सनमायका लावलेला 12 मिलिमीटरचा प्लायवूड आला, ज्याचे वजन 5 किलोही भरले नाही. पाण्याचा कॅन आसाच्या वर सरकला आणि त्याच्या तोंडावर दाबायचा हातपंप बसला. चुंबकांच्या जागी साध्या कड्या आल्या. पंक्चरच्या दुकानातून 20 रुपयांना आणलेल्या सायकलच्या जुन्या ट्यूबा आत्याने बोटभर रुंद कापून फळ्यांच्या पुढून ताणून बांधल्या. डबा आत सरकवताना पट्टी खाली ओढायची आणि सोडून द्यायची, की ती डब्याच्या पोटाला घट्ट बिलगते. माझ्या फाटक्या जीन्सचे खिसे उसवून तिने झाकणाच्या आतल्या बाजूला चमचे, झारा, लायटर यांच्यासाठी एक झोळणा टांगला, आणि मागच्या एका खिशात जुन्या बसचे तिकीट सापडले तेव्हा तेही आतच राहू दिले. माझे स्वतःचे म्हणावे असे योगदान एकच उरले: तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून शेगडीला केलेला वाऱ्याचा आडोसा. त्यावर माझ्या बोटाला तीन टाके पडले आहेत.

दुसऱ्या सफरीत आत्या बरोबर होती. दांडा उचलायला या वेळी दोन्ही हात आणि ‘आई गं’ लागली, म्हणजे सगळे ठीक होते. आंबोलीपर्यंत एक दाणा सांडला नाही. झाकण उघडून मी शेगडी पेटवली आणि कौतुकाच्या अपेक्षेने आत्याकडे पाहिले, तर ती झाडाखाली वाकून तीन सारखे दगड निवडत होती. गॅसवरच्या भाकरीला चव नसते असे तिचे मत पडले. पीठ मळून झाल्यावर तिने प्लायवूडवर एक थाप मारून पाहिली, तो डुगडुगला, आणि नाक मुरडत तिने विचारले, ‘‘तुझा तो कडप्पा कुठाय रे? भाकरी थापायला बरा होता.’’