नाव घ्या हो कुणीतरी

आमच्याकडे दर मार्चात एक फॉर्म भरावा लागतो. नाव, हुद्दा, जन्मतारीख, आणि लगेच चौथ्या रकान्यात एच-इंडेक्स. माझा ७ आहे. गेली अडीच वर्षं ७ च आहे. माझ्या वजनाचा काटा असा एका जागी थांबला असता तर मी सत्यनारायण घातला असता.

हे खूळ हिर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली काढलं. हिशोब साधा आहे. तुमच्या ८ पेपरांना प्रत्येकी निदान ८ सायटेशन असतील तर तुम्ही ८. माझ्या सात पेपरांचं बरं चाललंय, आठव्याला मात्र सातच सायटेशन. अडलंय ते एकावर. सायटेशन म्हणजे काय ते सासूबाईंना सांगताना मी म्हटलं, "दुसऱ्यानं त्याच्या लेखात आपलं नाव घ्यायचं."

"मग त्यात काय एवढं? आमच्या वेळी दारात अडवून घ्यायला लावायचे."

हा आठवा पेपर माझा सगळ्यात लाडका. पेशींना उपाशी ठेवलं की त्या स्वतःचेच जुनेपाने भाग गिळून दिवस काढतात. याला ऑटोफॅजी म्हणतात, आणि त्यावरच्याच कामाला जपानच्या ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. माझ्या प्रयोगात पेशींपेक्षा मीच जास्त उपाशी राहिले, कारण नमुना दर दोन तासांनी घ्यायचा, रात्रीसुद्धा. एका सोमवारी ३७ अंशांचा इनक्युबेटर उघडला, तर शुक्रवारी छान गुलाबी-लाल ठेवलेलं मीडियम, म्हणजे पेशींचं खाद्य, लिंबू सरबतासारखं पिवळं आणि गढूळ! बारा फ्लास्क, बाराही गेले. बॅक्टेरियांनी शनिवार-रविवार पंगत उठवली होती. मी सगळ्यांत ब्लीच ओतलं आणि कँटीनमध्ये जाऊन दोन वडापाव खाल्ले. पुढे पेपर छापण्याआधी तो तपासणाऱ्या रिव्ह्यूअर नंबर दोननं 'फक्त एक छोटा प्रयोग' मागितला. त्याला अकरा महिने लागले.

त्यात नावाचा घोळ. लग्नाआधी मी एस. जोशी, नंतर एस. पाटील. सायटेशन मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी जोशीबाई ऐन उमेदीत वारल्या. त्यांचे तीन पेपर मी वारस म्हणून अर्ज केल्यासारखे एकेक करून स्वतःच्या नावावर आणले. आणि मग एका सकाळी गूगल स्कॉलर उघडते तो काय, एच-इंडेक्स १९! उसाचं ठिबक, रूट कॅनाल, पुलाचे गर्डर, सगळं माझंच. महाराष्ट्रातले झाडून सारे एस. पाटील माझ्या घरी मुक्कामाला आले होते. खोटं कशाला बोलू, दोन दिवस राहू दिले. मग गर्डरवाल्यांपासून एकेकाला निरोप दिला.

गंमत म्हणजे, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावरून, माणसाची पारख करू नये, असं जाहीरनाम्याचं बोलणं डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालं, तेही पेशीशास्त्रज्ञांच्याच वार्षिक मेळाव्यात. त्या जाहीरनाम्यावर मीही हिरिरीनं सही केली. आमच्या फॉर्मात इम्पॅक्ट फॅक्टर पाचव्या रकान्यात असतो.

खरं तर शोधबिध लावूच नये. लॉरी यांनी १९५१ साली प्रथिनं मोजायची एक पद्धत छापली. द्रावण निळं होतं, निळेपणा मोजायचा, संपलं. त्या पेपराला तीन लाखांवर सायटेशन आहेत! म्हणजे मोठी मेजवानी देण्यापेक्षा एक मापटं करून ठेवावं, आळीतले सगळे उसनं नेतात. मला हे पीएचडीच्या आधी कुणी सांगितलं नाही.

गेल्या गुरुवारी कुकरची दुसरी शिट्टी होत असताना मोबाइलवर ईमेल आला. आठव्या पेपराला आठवं सायटेशन! ओल्या हातानं उघडलं. लिहिलं होतं : पाटील आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला परिणाम आम्हाला तीनदा प्रयोग करूनही दिसला नाही.

पण मोजणाऱ्याला कौतुक आणि चपराक यातलं काही कळत नाही. ८ म्हणजे ८.

"नाव घेतलं ना?" सासूबाई म्हणाल्या. "शिव्या घालायच्या तरी नाव घ्यावंच लागतं." त्या उठल्या, फळीवरून साखरेचा डबा काढला, देवापुढे ठेवायला वाटीत दोन चमचे साखर घेतली आणि मध्येच थांबल्या.

"आणि नवव्याचं काय?"

"दोन," मी म्हटलं.

त्यांनी वाटीतली एक चमचा साखर परत डब्यात टाकली.