सायलेन्सरचे जाम नट: ‘गरम करा, झटका द्या, स्टेनलेस लावा’ या सल्ल्यात काय काय चुकतं

जुन्या मोटरसायकलच्या सायलेन्सरचा पाइप इंजिनच्या हेडपासून (सिलिंडरच्या वरच्या भागापासून) सुटत नसला की एक सल्ला हमखास पुढे येतो. तो थोडक्यात असा: “इंजिन चालू ठेवून गरम करा, स्प्रे मारा, पान्याला लांब पाइप लावून झटका द्या. स्टड (हेडमध्ये बसवलेली, नट लावायची आट्यांची दांडी) तुटलाच तर ईझी-आउटने (तुटक्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात रुतवायच्या दांडीने) निघतो. मग स्टेनलेसचे बोल्ट थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून कचकचून आवळा, पुन्हा बघावं लागणार नाही.” यातलं जवळपास प्रत्येक वाक्य हेडचं नुकसान करू शकतं. नट आणि स्टड किरकोळ वस्तू आहेत, मोडले तरी चालतात. जपायचे असतात ते हेडमधले अ‍ॅल्युमिनियमचे आटे.

आधी ‘इंजिन गरम करा’. उष्णतेने मदत होते हे खरं. एका अंशाला अ‍ॅल्युमिनियम मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन फुगतं, पोलाद सुमारे 12. पण 8 मिमीचं भोक आणि त्यातला स्टड दोन्ही 150 अंशांनी तापले तरी सैलपणा मिळतो जेमतेम 13 मायक्रॉन. खरा उपयोग होतो तो तापवणं आणि निववणं पुन्हापुन्हा केल्याने, कारण त्याने आट्यांत बसलेला गंज तडकतो. शिवाय आधी ठरवा: अडकलंय काय? नट स्टडवर अडकला असेल तर ज्योत नटवर धरा. स्टडच हेडमध्ये रुतला असेल तर स्टडभोवतीचं हेड तापवा, ज्योत सतत फिरती ठेवून. पाण्याचा थेंब पडताच नाचून उडाला की तिथेच थांबा. अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होऊन सूचना देत नाही. पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर आधीच काढून लांब ठेवायचे, आणि ज्वलनशील स्प्रे मारलेल्या जागेवर ज्योत न्यायची नाही.

तापलेल्या स्टडच्या मुळाशी साधी मेणबत्ती टेकवून बघा. मेण क्षणात पातळ होतं आणि फटीत ओढलं जाताना दिसतं. बऱ्याचदा पुढच्याच प्रयत्नात नट हलतो.

‘स्प्रे मारा’ अपुरं आहे. पाणी हटवणारा सर्वसाधारण स्प्रे आणि आट्यांत झिरपणारं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिरपणाऱ्या तेलालाही वेळ लागतो. बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, तेल सोडा, स्टडच्या टोकावर सरळ हलके ठोके द्या. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच करा.

लांब पाइपचा झटका हा यातला सर्वांत महागात पडणारा भाग. एम 6 चा (6 मिमी आट्यांचा) नट मुळात साधारण 10 न्यूटन मीटर टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या जोराला, आवळलेला असतो. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर दहा किलोचा जोर दिला की सुमारे 50 होतात. तेवढ्यात नवा, 8.8 ग्रेडच्या मजबूत पोलादाचा स्टडही तुटतो, गंजून बारीक झालेल्याचं तर विचारूच नका. आखूड पाना आणि सहा कोनांचं सॉकेट घ्या. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने. पाव फेरा पुढे, पाव मागे, मध्ये तेल. पाना स्प्रिंगसारखा लवतोय आणि हात सोडला की मागे येतोय, असं जाणवलं तर नट फिरत नसून स्टड पिळला जातोय. तिथेच थांबा. नट करवतीने उभा कापा आणि छिन्नीने फोडा. नटासोबत अख्खा स्टड बाहेर आला तर उत्तमच, नवा बसवायचाच आहे.

ईझी-आउटबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जो स्टड बाहेरून पूर्ण पाना लावून सुटला नाही, तो त्याच्या आत केलेल्या भोकात बसणाऱ्या बारीक दांडीने सुटेल ही आशा फोल आहे. ती दांडी कडक आणि ठिसूळ असते. आत तुटली की साधं ड्रिल तिला ओरखडाही काढत नाही आणि मग स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू पोखरणाऱ्याकडे) जावं लागतं. तुटलेल्या तुकड्यावर नट ठेवून मधोमध वेल्डिंग करणं बरंच खात्रीचं: वेल्डिंगची उष्णता थेट स्टडमध्ये जाते, नवी पकड मिळते आणि पोलादाचं वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. बॅटरी आधी सोडा. निवू द्या, मग हळू फिरवा. पहिल्यांदा वेल्ड निखळलं तर पुन्हा करा. तिसऱ्या-चौथ्या वेळी सुटलेले स्टड पुष्कळ आहेत.

ड्रिल करावंच लागलं तर तुकड्याचं टोक कानशीने सपाट करा, बरोबर मध्यावर पंच मारा आणि डाव्या फिरकीचं ड्रिल वापरा. कधीकधी तुकडा त्यालाच अडकून बाहेर येतो. आट्यांना धक्का न लावता पोखरायचं तर एम 6 ला 5 मिमी आणि एम 8 ला 6.8 मिमी ही शेवटची मर्यादा. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा.

स्टेनलेसचे बोल्ट? गंज कमी, हे मान्य. पण स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आटे एकमेकांना चिकटून जागीच जाम होतात. आणि स्टडऐवजी बोल्ट लावला की दर वेळी झिजतात ते हेडचे आटे. पोलादी स्टड आणि तांब्याचा मुलामा दिलेले किंवा पितळी नट हीच जोडी योग्य.

थ्रेडलॉकर इथे निरुपयोगी आहे. नेहमीचा निळा सुमारे 150 अंशांच्या पुढे पकड सोडतो. हेडच्या बाजूला उच्च तापमानाचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) पातळ लावा. त्याने घर्षण कमी होतं, म्हणून मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असेल तर तो 20 ते 30 टक्के उतरवा.

कचकचून आवळण्याची गरज का भासते? बहुतेकदा दबलेलं जुनंच पॅकिंग परत लावल्यामुळे. पॅकिंगची नवी रिंग घाला. आधी सगळे नट आणि मागचा सायलेन्सरचा बोल्ट फक्त बोटांनी लावा, मग हेडचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. मागचा आधी आवळला तर पाइप ओढलेल्या अवस्थेत राहतो आणि तो ताण इंजिनच्या थरथरीसकट स्टडवर येतो. पहिल्यांदा गाडी चालवून पूर्ण थंड झाल्यावर त्याच टॉर्कला पुन्हा एकदा तपासा; नवी रिंग दबते, त्यामुळे नट तेव्हा थोडे फिरतात.